माहेरवाशिणीची चतकोर पोळी

इंदूरला पाहुणा आला की त्याचा कार्यक्रम ठरलेला असतो. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी घरचं जेवण, संध्याकाळी राजवाडा आणि रात्री सराफा. पुण्या-मुंबईहून आमच्याकडे आलेलं कुणीही यातून सुटलेलं नाही. त्यामुळे गेल्या भाद्रपदात आत्याचा फोन आला, "महालक्ष्म्यांना येते रे, पण मी आता लो-कार्ब खाते, तेवढं वहिनीला सांगून ठेव," तेव्हा मी आधी हसलो आणि मग गप्प झालो.

गप्प होण्याला कारण होतं. चार वर्षांपूर्वी आत्या अशीच महालक्ष्म्यांना आली होती. तिला मधुमेह आहे हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. तरी पूजनाच्या दिवशी दोन पुरणपोळ्या झाल्या, खीर झाली आणि "एकानं काय होतंय" म्हणत तिसरी पोळीही पानात पडली. रात्री सराफ्यात रबडी. मध्यरात्री ती सारखी पाणी प्यायला उठायला लागली. ग्लुकोमीटरवर आकडा आला ३८०. मग दवाखाना, इंजेक्शन, सलाईन. सकाळी ती घरी आली तेव्हा कुणीच कुणाला काही बोललं नाही. फक्त आई ओटा पुसता पुसता म्हणाली, "तिसरी मीच वाढली होती."

त्यानंतर चार वर्षं आत्याला दर भाद्रपदात काही ना काही काम निघत होतं. कधी पाहुणे, कधी गुडघे. ती का येत नाही हे आम्हांला कळत होतं, आणि आम्हांला कळतंय हे तिलाही. म्हणून या वेळी ती आपणहून येते म्हणाली, तेव्हा मी ठरवलं की या वेळचं जेवण नीट व्हायलाच हवं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिली गोष्ट केली ती एक्सेल शीट. आत्याच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी तिला एका जेवणात साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं ठरवून दिली होती. मी आमच्या पुरणपोळीचा हिशोब मांडला. एका पोळीला कणीक ३० ग्रॅम, डाळ २५ आणि गूळ २५. बेरीज सुमारे ५५ ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे एक पोळी म्हणजे आत्याची जवळजवळ दोन जेवणं. चार वर्षांपूर्वी आम्ही तिला एका बैठकीत पाच-सहा जेवणांची साखर खाऊ घातली होती. तो आकडा बघून मी लॅपटॉप बंद केला.

आईला शीट दाखवली. ती म्हणाली, "देवाच्या ताटात काही कमी-जास्त होणार नाही. पुरण होईल, खीर होईल, सगळं होईल." मी म्हटलं, "देवाचं ताट तसंच राहू दे. आपल्याला फक्त आत्याचं पान बदलायचंय." ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं भाज्यांची यादी काढली. ती माझ्या शीटपेक्षा लांब होती.

आत्या आली ती आवाहनाच्या दिवशी सकाळी. चहा झाला, बिनसाखरेचा, आणि ती म्हणाली, "नंदलालपुऱ्याला जायचंय ना? मीही येते." आम्ही रामबागेत राहतो, तिथून स्कूटरवर दहा मिनिटं. वाटेत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या लागतात, होळकरांच्या. पुढे राजवाडा. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, असा हा सात मजली वाडा १९८४ मध्ये जळाला तेव्हा आत्या कॉलेजात होती. ती दर खेपेला इथे स्कूटर थांबवायला लावते आणि दर खेपेला सांगते की त्यानंतर कितीतरी दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला, होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली आणि तिच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, मास्तर अशी कितीतरी मराठी घरं या गल्ल्यांतून वसली. आमचे पूर्वज त्यांतलेच कुणीतरी असणार. त्यांनी बरोबर काय आणलं हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण भाद्रपदातल्या उभ्या महालक्ष्म्या आणल्या एवढं नक्की.

नंदलालपुऱ्याच्या मंडईत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या घरी महालक्ष्म्यांना सोळा भाज्या लागतात. आत्यानं यादी हातात घेतली आणि तिचा पुणेरीपणा बघता बघता गळून पडला. "भैया, गिलकी कैसी दी?" गिलकी म्हणजे घोसाळं. इंदूरच्या मराठी घरांत निम्म्या भाज्यांची नावं हिंदीच. दोडका, पडवळ, दुधी, भेंडी, गवार, कारलं, तोंडली, वांगं, चवळीच्या शेंगा, अळू, पालक, मेथी, शेपू, कोबी, लाल भोपळा. सोळावी म्हणून माळव्याची बालम ककडी घेतली, हाताएवढी लांब. पिशव्या उचलताना माझ्या डोक्यात शीट चालूच होती, आणि तेवढ्यात लक्षात आलं की या सोळांत एकही वर्ज्य नाही. लाल भोपळ्यात थोडी साखर, तीही बेताचीच. बटाटा, अरवी, सुरण, मका हे यादीत नव्हतेच. लो-कार्बच्या पाककृती मी आठवडाभर इंटरनेटवर शोधत होतो. फ्लॉवरचा भात, बदामाच्या पिठाची पोळी. आणि पणजीच्या वेळेपासून चालत आलेल्या यादीत ते जेवण आधीच लिहिलेलं होतं. आमची नजर मात्र पोळीवरून कधी हललीच नव्हती.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. हळदीकुंकवाच्या पावलांवरून, ताटलीवर चमचा वाजवत. पहिल्या दिवशी नैवेद्य भाजी-भाकरीचा. आत्यानं अर्धी भाकरी घेतली, वर मेथीची भाजी आणि लोणी. म्हणाली, "बघ, दमून आलेल्या लेकीला पहिल्या रात्री भाजी-भाकरीच. गोडाचा आग्रह कुणी करत नाही."

रात्री तिनं स्वतःच सराफ्याचा विषय काढला. आईचा चेहरा उतरला. आत्या म्हणाली, "वहिनी, खायला नाही, बघायला जाते." दिवसा सोन्या-चांदीची पेढी असलेली ही गल्ली, रात्री दुकानांची शटर्स पडली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात. जिलब्यांच्या कढया, खोपरा पॅटिस, दहीवडे, साबुदाण्याची खिचडी, आणि या दिवसांत भुट्ट्याचा कीस. कोवळी कणसं किसून, दुधात शिजवून, वर जिरावण. आत्याच्या लहानपणी तिचे बाबा तिला खांद्यावर बसवून इथे आणायचे. मक्याच्या दाण्यांत शंभर ग्रॅमला १९-२० ग्रॅम कर्बोदकं असतात, हे मी तोंडातच ठेवलं. तिनं माझ्या द्रोणातून दोन चमचे घेतले, डोळे मिटून खाल्ले आणि द्रोण परत दिला. "झालं," म्हणाली. "मला सगळं नको असतं रे. चव हवी असते. पण 'दोनच चमचे' म्हटलं की लोकांना वाटतं मी रुसले."

दुसरा दिवस पूजनाचा. आमच्याकडे आरती, नैवेद्य होऊन पानं मांडेपर्यंत अडीच वाजतात. आत्या मधुमेहाची गोळी घेते. कर्बोदकं कमी केल्यावर डॉक्टरांनी तिचा डोसही कमी करून दिला होता, कारण खाणं कमी आणि गोळी पूर्वीइतकीच असली तर साखर फार खाली जाऊ शकते. चक्कर, घाम, थरथर. पाहुण्याला अडीचपर्यंत उपाशी ठेवण्यात खरा धोका हा होता आणि तो माझ्या शीटमध्ये नव्हता. अकरा वाजता मी ताक आणि मूठभर शेंगदाणे घेऊन आत्याकडे निघालो, तर आई दारातच. "नैवेद्याआधी?" सोवळ्यातून बाबांचा आवाज आला, "औषधापुरतं खाल्ल्यानं उपास मोडत नाही. महालक्ष्मी काही परकी नाही." आई बाजूला झाली.

स्वयंपाकघरात एक गोष्ट नव्यानं कळली. आपल्या जेवणात गूळ नुसता पोळीत नसतो. तो आमटीत असतो, पंचामृतात असतो, अळूत असतो, कोशिंबिरीत चिमूटभर साखरेच्या रूपानं असतो. पातळ भाजीला बेसन लावलेलं असतं. पाहुण्याला वाटतं आपण भाजीच खातोय. यावर माझ्या बायकोनं सोपा उपाय काढला. प्रत्येक पदार्थात गूळ पडायच्या आधी त्यातली एक वाटी बाजूला. वेगळा स्वयंपाक नाही, वेगळी चूल नाही. त्या वाट्याही एका ताटात मांडून आईनं देवापुढे ठेवल्या. ते मी तिला सांगितलेलं नव्हतं.

पानं मांडली. आत्याच्या पानात सोळा भाज्यांची मिसळ, गुळाशिवायचं अळू, भरली तोंडली, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, साखर न घातलेली कढी, खोबऱ्याची चटणी, पनीरची भाजी, आणि भाताची मूद लिंबाएवढी. पान भरलेलंच दिसत होतं. मला हेच हवं होतं. पथ्यवाल्या माणसाचं पान पंक्तीत ओकंबोकं दिसलं की चार जण चौकशी करतात, आणि खाणाऱ्याला प्रत्येकाला आपला आजार सांगत बसावं लागतं.

मग पोळ्यांचं ताट घेऊन आई निघाली. प्रत्येकाच्या पानावर पोळी, वर तुपाची धार. शेजारचे काका म्हणाले, "अहो, आत्याबाईंना वाढा की, सणाच्या दिवशी एकानं काय होतंय!" तेच वाक्य. पंगत क्षणभर शांत झाली. आई आत्यासमोर थांबली. पोळीचं ताट तिनं बायकोच्या हातात दिलं, भाजीचं पातेलं उचललं आणि म्हणाली, "वन्सं, माझ्या हातची भाजी घ्या अजून. नाही म्हणायचं नाही." आणि एक मोठा डाव पानात पडला. आत्या नको नको म्हणाली, तसा आणखी एक पडला. आग्रहात तसूभरही कमी नव्हती. फक्त तो भाजीवर सरकला होता.

भाज्या संपल्यावर आत्यानं मान वर केली. "वहिनी, आता एक चतकोर पोळी दे. प्रसादाची."

आईनं माझ्याकडे पाहिलं. ५५ चे चार भाग, म्हणजे साधारण १४ ग्रॅम. भाताची ती लिंबाएवढी मूद आत्यानं आधीच कडेला सारलेली होती. मी मान हलवली. आईनं पोळीचे चार तुकडे केले, एक आत्याच्या पानात ठेवला, वर तूप घातलं आणि बाकीचे तीन माझ्या पानात टाकले. आत्यानं तो चतकोर पाच मिनिटं पुरवून खाल्ला. मी माझे तीन कधी संपवले ते मला आठवत नाही.

दोन तासांनी ग्लुकोमीटरवर १५२. आत्यानं यंत्र आईसमोर धरलं. आईला आकड्याचा अर्थ नीट कळला नसावा. "बरा आहे ना?" तिनं विचारलं. "छान आहे वहिनी." आईनं पदरानं चेहरा पुसला आणि उगाचच चहाचं आधण ठेवायला उठली.

तुमच्याकडेही या सणांत असा कुणी पाहुणा येईल, म्हणून थोडक्यात सांगतो. काय चालतं हे पाहुण्यालाच आधी विचारा, कारण प्रत्येकाचं पथ्य वेगळं असतं. औषधं चालू असतील तर जेवणाची वेळही विचारा. गूळ पडायच्या आधी वाटी काढा. आणि आग्रह करायचाच असेल तर भाजीचा करा.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांना निरोप दिला आणि संध्याकाळी आत्याला. स्टेशनवर आईनं तिच्या हातात डबा ठेवला. आत भाजलेले शेंगदाणे, पनीर, बालम ककडीच्या चकत्या, आणि एका कोपऱ्यात केळीच्या पानात गुंडाळलेला पुरणपोळीचा एक चतकोर. गाडी हलली तशी आई खिडकीबरोबर चार पावलं चालली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी किती ग्रॅम, ते आधीच कळवा हो वन्सं."