जीपची थरथर

अब्बांनी मागे ठेवलेल्या मिळकतीत दोन एकर जिराईत, विहिरीतला वाटा आणि एक जुनी महिंद्राची डिझेल जीप होती. जमिनीवरून आम्हा दोघा भावांत कधी वाद झाला नाही, जीपवरून मात्र झाला. थोरला म्हणे विकू, धाकटा म्हणे ठेवू. पाटण तालुक्यातल्या आमच्या डोंगरावरच्या वाडीला याच जीपने अब्बांनी वीस वर्षे वडाप केले. पावसाळ्यात रस्त्याचा लगदा झाला की एस.टी. खालच्या फाट्यावरच थांबायची. मग बाळंतीण असो की मयत, अब्बा पुढच्या चाकांचा गिअर टाकून वर न्यायचे. या कंपनीच्या नावात कधीकाळी एक मोहम्मद होता, हेही ते प्रवाशांना सांगत. ते खरेच आहे. 1945 साली महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाने पोलादाचा व्यापार सुरू केला. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948 मध्ये इकडचे नाव बदलले.

2021 साली अब्बा गेले. जीप वर्षभर छपरात उभी राहिली. 2022 मध्ये आम्ही ती कराडला अब्बांच्या दोस्तांकडे, मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी नवी क्लच प्लेट टाकली. चार महिने गाडी नीट चालली. मग क्लच सोडताना सगळी गाडी थरथरू लागली, चढावर तर आतल्या माणसाचे दात वाजत. दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने गाडी न तपासताच सांगितले, “प्लेट हलकी टाकलीय. पूर्ण सेट बदला, फ्लायव्हीलसकट.” आकडा ऐकून आम्ही घाबरलो, आणि घाबरलेला माणूस आधी दोषी शोधतो. आम्ही चाचांना फोन केला आणि बोलू नये ते बोललो. अब्बांच्या दोस्तीचा तुम्ही फायदा घेतलात, इथपर्यंत आमची जीभ गेली. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग चाचा एवढेच म्हणाले, “गाडी लेके आओ.”

गेलो. सलाम झाला, चहा आला, फोनचा विषय निघाला नाही. धाकट्याने पाना पुढे केला तेव्हा चाचा म्हणाले, “खोलने की क्या जल्दी हय, बेटा? पहिले पूछेंगे, फिर देखेंगे, फिर खोलेंगे.”

थरथर फक्त गाडी उचलताना येते की धावतानाही? फक्त उचलताना, पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्ये. म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवरचा संशय कमी झाला, कारण तो खराब असता तर गाडी धावतानाही बोलली असती. मग त्यांनी फोर व्हीलचा लो गिअर टाकून गाडी हळूच उचलली. थरथर जवळजवळ नाहीशी झाली. आम्ही खूश झालो, पण चाचांनी मान हलवली. लो गिअरमध्ये क्लचवरचा भार कमी होतो आणि इंजिनाला बसणारा हिसकाही, म्हणून एवढ्यावरून निकाल लागत नाही.

मग ते गाडीखाली शिरले. क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकात बोट घालून बाहेर काढले, पाहिले, हुंगले. इंजिनाचे सील गळत असेल तर काळे तेल लागते. गिअरबॉक्सचे गळत असेल तर गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास येतो. प्लेटला तेल लागले की ती अशीच धरते-सोडते. बोट कोरडे होते.

शेवटी बोनेट उघडले. हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले. थोरला सीटवर बसून क्लच हळूहळू सोडू लागला आणि चाचा इंजिनाकडे पाहत राहिले. इंजिन एका अंगाने वर उचलले जाई आणि धपकन खाली बसे. त्या बाजूच्या फाउंडेशनचे रबर लोखंडी पट्टीपासून सुटले होते. इंजिन हलले की क्लचचा दांडा ओढला जाई, क्लच पुन्हा सुटे, पुन्हा धरे. प्लेटचा दोष नव्हता.

रबर का गेले? त्याच्या बरोबर वर डिझेलची नळी होती आणि ती थेंबथेंब गळत होती. डिझेलने रबर फुगून मऊ पडते. ती नळी मागच्या वर्षी आम्हीच तारेने बांधली होती.

नवी रबरे आणायला धाकटा गेला. थोरला दिव्यासाठी फळीवर हात घालू लागला तर तिथे एक रिकामा खोका दिसला. नामांकित कंपनीच्या क्लच प्लेटचा खोका, वर बॉलपेनने आमच्या जीपचा नंबर. आत बिलाची पावती होती. आमचा फोन आला तेव्हाही तो याच फळीवर असणार. चाचांनी तो पुढे केला नव्हता.

दोन्ही बाजूंची रबरे आणि नळी बदलली. गाडी समोरच्या चढावर लोण्यासारखी उचलली. धाकटा म्हणाला, “चाचा, आमची चूक झाली. अब्बा असते तर कान धरले असते.” चाचा हात पुसत म्हणाले, “तुमारे अब्बा बी एक बार ऐसाच बोले थे. बाद में खुद आके बैठे थे, इसी पेटी पे.”

मजुरी त्यांनी पूर्ण घेतली, आणि त्याचेच आम्हाला बरे वाटले. परतताना घाटात पाऊस लागला. जीप विकायचा विषय त्या दिवसापासून आमच्या घरात निघालेला नाही. आणि कोणावर बोट ठेवण्याआधी आम्ही आता एकमेकांना विचारतो, भोकात बोट घालून पाहिले का?