पाच वर्षांचा अनुभव हवा!

आषाढातली गोष्ट. रोह्याचा माझा भाचा आमच्याकडे पेणला आला. संगणकशास्त्राची पदवी घेऊन वर्षभर घरी बसलेला. नोकरीची एक जाहिरात त्याने माझ्यापुढे धरली. हवा होता नवशिका. पण त्याला बारा विद्या यायला हव्या, शिवाय पाच वर्षांचा अनुभव! वधूवरसूचक मंडळातल्या अपेक्षाही यापुढे लाजल्या असत्या.

"मामा, यातल्या सातच येतात मला. कशाला अर्ज करू?"

मी त्याला सेबास्टियन रामिरेझ या गृहस्थांची हकिगत सांगितली. प्रोग्रॅम लिहिण्याचे 'फास्टएपीआय' हे साधन त्यांनीच घडवलेले. २०२० साली त्यांनी एक जाहिरात पाहिली. तीत या साधनाचा चार वर्षांहून अधिक अनुभव मागितला होता. साधनाला तर जेमतेम दीड वर्ष झालेले! जन्मदाताच नापास!

भाचा हसला, पण पटले नाही. मग त्याला शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात नेले. मालकांना विचारले, "डोळ्यांच्या आखणीला माणूस कसा निवडता हो?"

"हाती ब्रश देतो. मूर्तीत नजर उतरली, की माणूस आपला. वर्षं कोण मोजतो?"

ज्याला काम पारखता येत नाही, तोच वर्षे मोजतो, हे मला तिथे उमगले.

त्याच रात्री भाच्याने अर्ज धाडला; सोबत स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम जोडला. दिवाळी आली, उत्तर नाही. पण त्यानंतर त्याने आणखी नऊ अर्ज केले आहेत. यादी वाचून स्वतःलाच नापास करणे तेवढे थांबले.