जुग आणि एकटी सोंगटी

सारीपाट म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असें पुष्कळांस वाटतें. परंतु ज्यानें तो मन लावून खेळला आहे तो असें म्हणणार नाहीं. हा खेळ आपल्या भूमीस नवा नाहीं. वेरूळच्या लेण्यांत शिवपार्वती फांसे खेळत बसलेलीं कोरलीं आहेत. आपल्याच जिल्ह्यांत, अणदूर व नळदुर्ग येथें, ज्या खंडोबाचीं स्थानें आहेत, त्यानें म्हाळसेशीं सारीपाट खेळतांना डाव हरून बारा वर्षांचा वनवास पत्करला, अशी लोककथा आहे.

आमच्या घरीं आजोबा कापडी पट अंथरीत. चार रंगांच्या १६ सोंगट्या आणि लांबट फांसे. एका घरांत एकाच रंगाच्या दोन सोंगट्या आल्या म्हणजे जुग होतें; त्यास एकटी सोंगटी मारूं शकत नाहीं. म्हणून नवा खेळणारा जुग फोडण्यास भितो. आजोबा म्हणत, "जुग आकाशांतून पडत नाहीं, बाळांनो. आधीं एक सोंगटी पुढें जाऊन एकटी उभी राहते, तेव्हांच दुसरी तिला येऊन मिळते."

परंतु एकटी केव्हां ठेवावी? नुकतीच निघालेली सोंगटी मेली तर चार घरांचें नुकसान. सारा पट फिरून आलेली मेली तर सगळी वाट पुन्हां चालावी लागते. पाश्चात्त्यांच्या बॅकगॅमन खेळांतहि हाच विचार आहे. तेथें २४ घरें व प्रत्येकाच्या १५ सोंगट्या असतात. दोन सोंगट्यांचें घर शत्रूस बंद. अशीं सहा घरें ओळीनें बांधलीं कीं ती भिंत कोणत्याहि दानानें ओलांडतां येत नाहीं. ती बांधतांना एखादी सोंगटी शत्रूपासून चार घरांवर एकटी ठेवावी लागते. दोन फांशांचीं दानें ३६. वाट मोकळी असेल तर त्यांपैकीं १५ दानांनीं ती मरते, २१ दानांनीं वांचते. मेलेली सोंगटी शत्रूच्या घरांतून पुन्हां आंत यावी लागते. तें घर मोकळें असतां साहस योग्य. त्यानें तेथें पांच जागा अडविल्या असतां तेंच साहस अविचार ठरतें.

आजोबांनीं हें पटावरच ठेविलें नाहीं. आपला मुलूख अवर्षणाचा. धूळपेरणी साधली तर पीक लवकर हातीं येतें. पाऊस लांबला तर बीं मातींत जातें. आजोबा एकाच तुकड्यांत धूळपेरणी करीत व बाकीचें बियाणें कणगींत राखीत. एके वर्षीं मृग कोरडा गेला. तो तुकडा करपला. परंतु दुबार पेरणीस घरांत दाणा होता, कर्ज काढावें लागलें नाहीं, आणि आमची शाळा सुटली नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, जो कधींच एकटी सोंगटी पुढें ठेवीत नाहीं त्याचें नवें जुग होत नाहीं, आणि जो सर्वस्व एका दानावर लावतो त्याचें जुनेंहि टिकत नाहीं. फांसा आपल्या हातीं नाहीं. किती पणास लावावें, हें मात्र आहे.