जास्तीच्या दोन भाकरी

२०२० च्या ऑगस्टात मी लेकीचा खो-खो बंद करायचं मनात पक्कं केलं होतं. ती नववीत होती. टाळेबंदीमुळं मैदान बंदच होतं. तोंडानं 'नको' म्हणायची वेळ येणार नाही, एवढंच समाधान. बूट वर्षभरही टिकत नव्हते. पण खरी धास्ती तिच्या भुकेची होती. मैदानावरून आली की दोन भाकरी उभ्या उभ्या संपवून ती टोपल्याकडं बघायची, आणि टोपल्यात सगळ्या घराचं मोजून केलेलं असायचं.

त्याच दिवसांत पेपरात सारिका काळेचा फोटो आला. आमच्याच धाराशिव जिल्ह्यातली पोरगी. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय संघाची कर्णधार. तिला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला होता, खो-खोला २२ वर्षांनी. मी खालचा मजकूर वाचला आणि हातातलं काम थांबलं. जवळजवळ दहा वर्षं तिनं एका वेळच्या जेवणावर काढली होती. वडिलांना शारीरिक अडचणीमुळं कमावता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची, घर आजी-आजोबांच्या कमाईवर. चांगलं जेवण मिळायचं ते शिबिरात, नाहीतर स्पर्धेला गेल्यावर. २०१६ मध्ये तर तिनं खेळ सोडायचंच ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधवांनी समजावल्यावर ती परत मैदानात उतरली.

ज्या भुकेपायी मी लेकीला घरी बसवणार होते, ती भूक पोटात घेऊन ही पोरगी पळत होती. मी कुणालाच काही बोलले नाही. मैदान उघडलं त्या दिवशी लेकीचे बूट शिवून आणले.

खो-खोच्या बातमीत खेळाडूच्या नावापुढं कंसात मिनिटं छापतात, किती वेळ पळाली त्याची. लेक घरी आली की कॅलेंडरवर स्वतःची पळती लिहायची: १.१०, १.४०. एकदा २.०५ लिहून खाली रेघ ओढली. आम्हा बायकांचे तास कुणी मोजत नाही. तिथं तिचे सेकंदसुद्धा मोजले जात होते, हे मला फार मोठं वाटायचं.

ती भारताकडून खेळली नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवून पहिला विश्वचषक जिंकला, तेव्हा धाराशिवची अश्विनी शिंदे त्या संघात होती. आम्ही दोघींनी मोबाईलवर बघितलं. लेक रडली, पण मला ते दुःखाचं रडणं वाटलं नाही. आता ती गावातल्या लहान पोरींना साखळीत, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी, पळायला शिकवते.

पुरस्कार जाहीर झाला तेव्हा सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी होती. देवीला गेले की दरवेळी वाटायचं, जावं, भेटावं. पण काय सांगणार? तिला मी ठाऊकही नाही.

लेकीच्या पोरींमध्ये एक आहे, शाळेतून थेट मैदानावर येते. सराव संपला तरी घरी जायची घाई करत नाही. लेकीनं एकदा सांगितलं तेव्हापासून मी डब्यात दोन भाकरी जास्तीच्या बांधते.