लावन ठेव गो

दूरदर्शन घरात आलं तेव्हा त्याच्याबरोबर एक वेळापत्रकही आलं. त्या वेळापत्रकात आमच्या आईची सोय कुठेच नव्हती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. कोकणातल्या आमच्या गावात चित्र दिसायला त्यानंतर बरीच वर्षं जावी लागली. संध्याकाळच्या बातम्या लागायच्या तेव्हा चुलीवर भाताचं आधण असायचं. नाटक रंगात यायचं तेव्हा पानं घ्यायची वेळ झालेली असायची. सकाळी कीर्तन असलं तर गोठ्यातलं उरकलेलं नसायचं. बाकीचे आम्ही सगळे बसून पाहत असू. आई माजघराच्या दारात उभी राहून, हातातली पळी तशीच धरून पाहायची आणि आत काही उतू जातंय असं वाटलं की निघून जायची. कितीतरी नाटकांचे मधलेच प्रवेश तिला ठाऊक होते. पुढे काय झालं ते आम्ही तिला जेवताना सांगायचो, तेही घाईघाईत आणि अर्धवट.

म्हणून रेकॉर्डिंग या गोष्टीकडे मी कधी नुसतं यंत्र म्हणून पाहू शकले नाही. कार्यक्रम ज्या वेळी लागतो त्या वेळी जो मोकळा असेल त्याचाच तो कार्यक्रम, हा नियम मोडणारी ती वस्तू होती.

दादाने मुंबईहून व्हीसीआर आणला तेव्हा पहिल्यांदा हा नियम थोडा वाकला. ई-१८० नावाची कॅसेट, तीन तासांची. कॅसेटी महाग, त्यामुळे त्याच त्याच वापरायच्या. नव्या कार्यक्रमाखाली जुना जायचा. शिवाय कोकणातला पाऊस. आषाढ-श्रावणात कपाटातल्या कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरायची आणि तशी कॅसेट चुकून लावली की व्हीसीआरच्या हेडलाही ती लागायची. शेजारी कुणाला कॅसेटची प्रत करून दिली तर रंग फिके व्हायचे, प्रतीची प्रत केली तर चेहरे ओळखू येईनासे व्हायचे. त्या काळातलं आमच्या घरी आज काहीही उरलेलं नाही.

मग छत्री आली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस ही सेवा सुरू झाली, पुढे तिलाच डीडी फ्री डिश हे नाव मिळालं. महिन्याचं भाडं नाही, कार्ड नाही. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की संपलं. आमच्या परड्यात छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसवली, कारण तिचा उपग्रह विषुववृत्तावर, आमच्या पूर्वेला, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे. आता तिथे जीसॅट-१५ असतो, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. मधे माडाची झावळी वाढून आडवी आली की चित्र जायचं आणि झावळी तोडायला माणूस मिळेपर्यंत आम्ही वाट पाहायचो.

काही वर्षांनी बॉक्स बदलला. नव्या बॉक्सच्या पुढच्या बाजूला यूएसबीचं एक तोंड होतं. दुकानदार म्हणाला, यात हार्ड डिस्क लावा आणि रिमोटवरचं लाल बटण दाबा. कुडाळहून मी ५०० जीबीची एक छोटी डिस्क आणली. ती लावल्यावर नुसती टिकटिक करायची, फिरायची नाही. कारण नंतर कळलं. असल्या डिस्कच्या आतली तबकडी सुरू होताना जेवढी वीज मागते तेवढी बॉक्सच्या त्या तोंडातून मिळत नाही. दोन तोंडांची वायर आणून एक टोक मोबाइलच्या चार्जरला जोडलं, तेव्हा ती फिरू लागली. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि तिच्यावरचं हेड तिला न टेकता, केसाच्या जाडीच्या एका बारीकशा अंशाइतक्या अंतरावर तरंगतं. हे वाचल्यापासून डिस्क चालू असताना मी तिला हात लावत नाही आणि घरात कुणाला लावू देत नाही.

फ्री डिशच्या रेकॉर्डिंगचं मला सर्वांत आवडलेलं वैशिष्ट्य हे, की त्यात पुन्हा काही केलं जात नाही. चित्र आणि आवाज आधीच दाबून लहान केलेल्या स्वरूपात वरून येतात, बॉक्स तो प्रवाह उचलतो आणि जसाच्या तसा डिस्कवर उतरवतो. तासाला साधारण दीड-दोन जीबी. प्रत केली, प्रतीची प्रत केली, तरी एकही बिंदू फिका होत नाही. बुरशीत गेलेल्या कॅसेटी आठवल्या की मला हे अजूनही अपूर्व वाटतं. आमच्या बॉक्सला एकाच पद्धतीने मांडलेली डिस्क चालायची आणि त्या पद्धतीत चार जीबीहून मोठी फाइल बसत नाही, म्हणून तीन तासांच्या नाटकाचे दोन तुकडे व्हायचे. ते आम्ही मध्यंतर म्हणून स्वीकारलं.

आणि मग आईचं पाहणं सुरू झालं. माझ्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचं मोल इथे आहे.

सकाळी शाळेला निघताना मी चपला घालत असले की आतून आवाज यायचा, "माझां कीर्तन लावन ठेव गो." मी टायमर लावून जायची. दुपारी जेवणं आटोपली, भांडी झाली, पुरुष आडवे झाले की आई पदर खोचायचा सोडून बसायची. खुर्चीत बसायची. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. टीव्हीपुढे आई म्हणजे उभी आई, असंच डोळ्यांना ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर असे. पूर्वरंगात बुवांनी एखादा अभंग लावून धरला आणि तो तिला आवडला की ती म्हणायची, "थांबय गो जरा." मी थांबवायची. ती तो अभंग तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून बघायची, कुठे अडली तर पुन्हा मागे न्यायला लावायची. चौथीच्या पुढे तिला शिकायला मिळालं नव्हतं. मी शिक्षिका आहे, वर्गात रोज पन्नास मुलांना एकच गोष्ट तीनतीनदा सांगते. तरीही, आपल्याला हवं तेव्हा समोरच्याला थांबायला सांगता येणं ही आईला तोवर न मिळालेली सवलत आहे, हे मला त्या दुपारींनीच दाखवलं.

काही दिवसांनी रिमोट तिच्याच हातात गेला. कुठलं बटण कशाचं हे तिने रंगावरून लक्षात ठेवलं.

आषाढी एकादशीची पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्री वाहिनीवरून थेट दाखवतात. ती मध्यरात्रीनंतर सुरू होते. आईला जागरण झेपेना तेव्हापासून आम्ही ती रेकॉर्डिंगला लावू लागलो. पण आषाढात आमच्याकडे पाऊस कोसळत असतो आणि या छत्र्यांवर येणाऱ्या लहरींची वारंवारता अशी असते की जाड पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, मग सगळंच जातं. त्यात कधी लाइट जायची. लाइट गेली की फाइल अर्धी राहायची आणि बॉक्स ती उघडायला नकार द्यायचा. पण तीच फाइल संगणकावर नेली तर बहुधा उघडायची. वरून येणारा प्रवाह १८८ बाइटच्या छोट्या पुडक्यांत बांधलेला असतो आणि प्रत्येक पुडक्याच्या सुरुवातीला तीच एक खूण असते. त्यामुळे मधला भाग गेला तरी पुढची खूण सापडली की चित्र तिथून पुन्हा धरता येतं. या रचनेचा विचार ज्यांनी केला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तुटणार हे त्यांनी गृहीत धरलं आणि तुटल्यावर पुढे कसं जायचं त्याची सोय आधीच करून ठेवली. माझ्याकडच्या महापूजेच्या फाइलींमध्ये आमच्या गावातला पाऊस आहे. कुठल्या वर्षी कुठल्या क्षणी सर आली ते त्यात पाहून सांगता येतं.

पुण्याला दादाकडे वेगळी गोष्ट झाली. त्याच्याकडे एका खासगी कंपनीची पैसे भरून घ्यायची सेवा होती. तिच्या बॉक्सलाही बाहेरून हार्ड डिस्क लावता यायची. वहिनीचे वडील आंबा-काजूच्या कलमांतले जाणकार. सह्याद्रीवरच्या 'आमची माती आमची माणसं'मध्ये ते एकदा बोलले होते, ते वहिनीने हौसेने रेकॉर्ड करून ठेवलं. वडील गेले. त्यानंतरच्या वळवात वीज पडून बॉक्स जळाला. कंपनीने नवा बॉक्स दिला. नव्या बॉक्सला डिस्क लावली तर तो म्हणाला, ही आधी पुसून घ्यावी लागेल. अशा सेवांत कार्यक्रम कुलूप घालूनच डिस्कवर उतरतो आणि किल्ली त्या एका बॉक्सच्या पोटात असते. संगणक त्या डिस्ककडे पाहून ती कोरी आहे असंच समजतो. डिस्क धडधाकट आहे, वडिलांचा आवाज, कलमाला पट्टी कशी गुंडाळायची ते दाखवणारी त्यांची बोटं, सगळं तिच्यावर शाबूत आहे, आणि ते पाहणं आता कुणालाही शक्य नाही. दिल्लीपासून गल्लीपर्यंत फुकट दिसणाऱ्या सरकारी वाहिनीवरचा शेतीचा कार्यक्रम होता तो. त्यालाही तेच कुलूप. मला हे अन्यायाचं वाटतं आणि ते मी स्पष्टच म्हणेन. चोरी होऊ नये म्हणून कुलूप हवं, हे कळतं. पण बॉक्स बदलून देताना गिऱ्हाइकाची जुनी किल्ली नव्या बॉक्सला देण्याची व्यवस्था करायला काय हरकत होती? वहिनी डिस्क पुसू देत नाही.

प्रसारण करणाऱ्यांनी स्वतः तरी सगळं जपलं का? टेप महाग होत्या त्या काळात कार्यक्रम दाखवून झाला की तीच टेप पुसून पुन्हा वापरायची रीत जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू' या मालिकेचे पुष्कळ भाग असे घालवले. त्या हरवलेल्या भागांचे आवाज मात्र आज सगळे उपलब्ध आहेत, कारण तेव्हा घरोघरच्या काही प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते उतरवले होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल बाईंनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत दूरचित्रवाणीवरच्या बातम्या दिवसरात्र रेकॉर्ड केल्या. सुमारे ७० हजार कॅसेटी. त्या पुढे इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे गेल्या. घरात बसून हे काम करणाऱ्या माणसांची नावं सहसा कुणाला माहीत नसतात.

आज प्रसार भारती आपला जुना ठेवा यूट्यूबवर आणते आहे, ते चांगलंच आहे, मी आवर्जून पाहते. पण तिथे कार्यक्रम धुऊनपुसून येतो. माझ्या डिस्कवर त्याच्या आगेमागेचंही असतं. दोन कार्यक्रमांमधली निवेदिका, खताच्या जाहिराती, पडद्याखालून सरकणारी बातम्यांची पट्टी. दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारे प्रदीप भिडे २०२२ च्या जूनमध्ये गेले तेव्हा मी त्यांचं एक बातमीपत्र काढून पाहिलं. आवाज तर होताच. शिवाय त्या दिवशी कुठल्या धरणात किती पाणी होतं आणि कुठला घाट बंद होता हेही होतं. माणूस ज्या दिवसात बोलत होता तो दिवसही शिल्लक राहिला होता.

आपला प्रताधिकार कायदा प्रसारणावर २५ वर्षांचा हक्क मानतो. पण स्वतःच्या खासगी वापरासाठी, आणि केवळ शिकवण्यासाठी वा संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग त्याने मोकळं ठेवलं आहे. त्याच आधारावर मी वर्गात मुलांना शेतीचे, किल्ल्यांचे कार्यक्रम दाखवले. इंटरनेटवर मी काही टाकत नाही. कुणी प्रत मागितली तरी विचारात पडते. मग माझ्यानंतर हे कुणाचं? हे 'खासगी' माझ्याबरोबरच संपायचं असेल तर एवढं जपण्याला काय अर्थ, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो आणि त्याचं उत्तर कायद्याने द्यायला हवं. सार्वजनिक वाचनालयात असे घरगुती संग्रह रीतसर ठेवता आले पाहिजेत, नुसतं तिथे बसून पाहण्यापुरते का होईना.

आई गेली त्याच्या पुढच्या आषाढात मी टायमर लावला नव्हता. त्यानंतरच्या वर्षापासून पुन्हा लावते.

पहिली डिस्क आता थकली आहे. फाइल उघडायला वेळ घेते, मधेच खरखरते. तबकडीवरच्या काही जागा वाचल्या जात नाहीत आणि अशा जागा एकदा दिसू लागल्या की वाढत जातात. म्हणून दोन नव्या डिस्क घेतल्या आहेत, एक इथे राहील, एक दादाकडे पुण्याला. एकाच घरात दोन्ही ठेवल्या तर एकाच विजेत दोन्ही जातील. कॉपी करायचं काम सुट्टीत पुतण्या करतो आहे. थकलेल्या डिस्कवरून सगळं एकदम उचलायचं नाही, जे सर्वांत मोलाचं ते आधी, म्हणून मी त्याला यादी करून दिली. आधी कीर्तनं, मग महापूजा, मग बातमीपत्रं, नाटकं शेवटी, कारण नाटकं दुसरीकडेही सापडतील. फाइलींना बॉक्सने दिलेली आकड्यांची नावं बदलून बुवांचं नाव आणि तारीख घालायची. जाहिराती आणि पावसात गेलेली मिनिटं कापून टाकू का, जागा वाचेल, असं त्याने विचारलं. मी त्याला नको म्हणून सांगितलं आहे.