पंचवीसची गाडी

२०२५ च्या ऑगस्टमध्ये इंदुरात हुकूम लागू झाला: हेल्मेट नाही, तर पेट्रोल नाही. त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात विजेच्या गाडीनं घर केलं. शेजारीण हसून म्हणाली, “बरंय की, तुम्हांला पेट्रोलच नको, मग हेल्मेट तरी कशाला?” मीही हसले. आपण हसतो कशाला, हे तेव्हा कळलं नाही.

गरज खरी होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर यांनी स्कूटर चालवणं सोडलं. सुदामानगरातून काच मंदिरापर्यंत चार-पाच किलोमीटर. रोज रिक्षा परवडत नाही, आणि दशलक्षण पर्व तोंडावर आलेलं. मी लग्नाआधी लूना चालवली होती. लायसन्स मात्र कधी काढलंच नाही. त्या काळी कुणी विचारलं नाही, म्हणून चालून गेलं.

दुकानात गेल्यावर समजलं की विजेच्या दुचाकीत दोन जाती आहेत. एक नोंदणीची. तिला हिरवी नंबर प्लेट, विमा, लायसन्स, सगळं लागतं. किंमत लाखाच्या आसपास. दुसरी हळू चालणारी, पन्नास हजारांच्या आत-बाहेर. तिची मोटार अडीचशे वॉटच्या खाली, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत असेल, तर कायदा तिला मोटारगाडी मानतच नाही. म्हणून नोंदणी नाही, विमा नाही, लायसन्स नाही. माझ्यासाठी तीच बरी, असं मी ठरवलं.

दुकानदार मुलगा भलताच गोड बोलणारा. म्हणाला, “आंटीजी, पच्चीस में मज़ा नहीं आएगा. लॉक खोल देता हूँ, आराम से पैंतालीस जाएगी. सब खुलवाते हैं.” वर पैसेही घेणार नव्हता. मी मनात हिशोब केला. स्वस्तातल्या गाडीच्या पैशात महागड्या गाडीचा वेग मिळतोय आणि लायसन्सची कटकट नाही. मी “ठीक आहे” म्हटलं आणि दोन हजार बयाणा देऊन आले. गाडी पर्वानंतर मिळणार होती.

घरी आल्यावर नातू नाचायलाच लागला. तो पंधराचा. “आजी, मीपण चालवणार!” मी त्यालाही “बघू” म्हटलं.

पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचला जातो, हे आपल्याला ठाऊकच आहे. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पंडितजी सांगत होते. चोराला प्रोत्साहन देणं, चोरीचा माल घेणं, आणि मग तिसरा: विरुद्धराज्यातिक्रम. राज्याचे नियम ओलांडून फायदा घेणं. चौथा, मापात कमी-जास्त करणं. हे अतिचार मी लहानपणापासून पाठ म्हणत आलेय. त्या दिवशी मात्र तिसऱ्या-चौथ्यावर माझा हात पदराशी चाळा करायला लागला. चोरी म्हणजे कुणाच्या तिजोरीला हात लावणं, एवढंच आपण धरून चालतो. अदत्तादान म्हणजे जे दिलेलं नाही ते घेणं, याचा अर्थ फार लांब पोचतो.

सरकारनं मला सूट दिली होती ती हळू चालण्याबद्दल. हळू चालणारा माणूस दुसऱ्याला कमी इजा करतो, म्हणून त्याला परीक्षा नाही, विमा नाही. मी सूट घेणार होते आणि हळूपणा मात्र देणार नव्हते. हे मापात पाप नाही तर काय?

रात्री सुनेनं कायद्याची बाजू समजावली. लॉक काढला की ती गाडी सुटीत बसत नाही, सरळ मोटारगाडी होते. तीही बिनानोंदणीची, बिनाविम्याची, आणि चालवणारी बिनालायसन्सची. उद्या महूनाक्यावर कुणी म्हातारा समोर आला आणि त्याचा पाय मोडला, तर त्याला विम्याचा पैसाही मिळणार नाही. आणि लॉक काढलेली गाडी नातवाच्या हाती दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटारगाडी चालवणाऱ्या अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. ऐकून यांनी चष्मा काढून ठेवला आणि एवढंच म्हणाले, “त्या म्हाताऱ्याच्या जागी मला धर आणि विचार कर.”

वेगाचा हिशोबही मी कागदावर मांडला. ईर्यासमितीत चार हात जमीन पाहून चालायला सांगितलंय, म्हणजे सुमारे सहा फूट. ताशी पंचवीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात सात मीटर पुढे जाते, पंचेचाळीसला साडेबारा. चार हात केव्हाच मागे पडतात! गाडीवर बसल्यावर नजर कितीतरी लांब टाकावी लागते. आणि पाच किलोमीटरला पंचवीसच्या वेगानं बारा मिनिटं, पंचेचाळीसनं साडेसहा-सात. एवढ्या पाच मिनिटांसाठी मी व्रताला डाग लावणार होते.

क्षमावाणी झाल्यावर दुकानात गेले. म्हटलं, “लॉक राहू दे.” मुलानं विचारलं, “सच में?” मग जे आधी विचारायला हवं होतं ते विचारलं. तुमच्यापैकी कुणी घेणार असेल तर हे लक्षात ठेवा. एआरएआय किंवा आयकॅट या चाचणी संस्थेचं त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा आणि त्याची प्रत डिक्कीत ठेवा. बॅटरी लेड-ॲसिड की लिथियम, ते विचारा. पहिली स्वस्त, पण जड, आणि लवकर दम तोडते. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, म्हणून काढून वर नेता येणारी लिथियम घेतली. थोडे जास्त पडले. एका चार्जिंगला दोन युनिटच्या आसपास वीज लागते. चार्जर कंपनीचाच वापरा, आणि उन्हातून आलेली बॅटरी थंड होऊ द्या. दुकानदार सांगतो तेवढे किलोमीटर कधी धरू नका.

सून रोज विजयनगरपलीकडे ऑफिसला जाते. तिला ही गाडी चालणार नाही. मोठ्या रस्त्यावर मागून येणाऱ्या बसपुढे पंचवीस म्हणजे धोकाच. तिचं लायसन्स आहेच. ती हिरव्या प्लेटची घेणार आहे, विम्यासकट. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, तेही ती धरून चाललीय. ज्याची जशी गरज, तशी गाडी. पण जी घ्याल ती तिच्या नियमासकट घ्या.

मी आतल्या गल्ल्यांतून जाते, डाव्या बाजूनं. हेल्मेट माझ्या गाडीला कायद्यानं लागत नाही, तरी घालते. आयएसआयचं. डोकं कायद्यापेक्षा आपलं आहे, असं शेजारणीला सांगून टाकलंय. नातू अजून रुसलाय. अठराचा झालास की आधी लायसन्स, मग किल्ली, असं त्याला सांगितलंय.

परवा मंदिराबाहेर एका मुलीनं विचारलं, “काकू, तुमची गाडी किती पळते?” मी म्हटलं, “पंचवीस.” ती म्हणाली, “एवढीच?” मी म्हटलं, “हो, एवढीच.” आणि हे सांगताना मला काही लपवावं लागलं नाही.