आधी ढोली बघा

दिल्लीत घुबडं शोधायला लागले आणि पहिला गोंधळ झाडांनीच घातला. कुतुबमिनाराजवळच्या संजय वनात दाट झाडी, शिवाय भुताखेतांच्या कहाण्या. घुबडाला आणखी काय हवं? पण तिन्हीसांजेला मोर केकाटतात, कोल्हेकुई सुरू होते आणि घुबड मात्र मला औषधालाही मिळेना.

शेजारचे सरदारजी अंकल जुने पक्षीवेडे. म्हणाले, "जंगल मत देखो बेटा, कोटर देखो." खरंच की! संजय वनाच्या या रिजवर, म्हणजे खडकाळ टेकाडावरच्या रानात, जिकडेतिकडे विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ. तिच्या वाकड्यातिकड्या बारीक खोडात ढोली पडणार कुठून?

ढोल्या असतात जुन्या झाडांना. लोधी बागेत एकीच्या तोंडाशी पिंगळा बसलेला दिसला. जेमतेम 21 सेंटिमीटर, मैनेएवढा, पण रुबाब ठाणेदाराचा! मान वरखाली करत त्याने मला असं न्याहाळलं की मीच ओशाळले. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, सगळी कसरत मानेला करावी लागते, हे वाचलं होतं. समोर बघताना हसूच आलं. दिवे लागल्यावर तो खांबाखाली उतरून किडे टिपू लागला. ढोलीवर पोपट आणि साळुंक्यांचाही डोळा असतो, त्यामुळे विणीच्या दिवसांत, फेब्रुवारी ते एप्रिल, भांडणं ठरलेली.

दुसरं घुबड फक्त ऐकलं. रात्री सोसायटीमागच्या कडुनिंबातून थांबून थांबून 'वुक्?' बेडूक म्हणावं तर पाऊस नाही. अंकल म्हणाले, हे तुरेवालं छोटं घुबड, पक्कं निशाचर. दिवसा खोडाला चिकटून असं बसतं की साल कुठली आणि पीस कुठलं ते कळत नाही. मला अजून दिसलेलं नाही.

आमच्याकडे घुबड अशुभ. त्याला मारलेला दगड ते घासत बसतं, दगड झिजेल तसा माणूस झिजतो, असं आजी सांगायची. त्या धाकाने निदान दगड तरी कुणी मारत नसे. इथे ते लक्ष्मीचं वाहन, आणि म्हणूनच दिवाळीत काही तांत्रिक त्याचा बळी देतात! हे तर्कशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नाही.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घुबड पकडणं, विकणं गुन्हा आहे. दिवाळीच्या सुमारास कुणी विकताना दिसलं, तर दया येऊन विकत घेऊ नका, त्याने धंदा वाढतो. वनखात्याला कळवा.